उकळलेला इळा

दवाखान्याच्या नोकरीत मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न दुखण्याखुपण्याचा नव्हता. "तुमी कोन्या गावच्या, बाई?" हा होता. सून वेणांनी कळवळते आहे, मी कोपरापर्यंत हात धुते आहे, आणि सासू शांतपणे विचारते आहे, कोन्या गावच्या. सुरुवातीला मी खरं सांगायची, रंगूनची. मग रंगून कुठे, तिकडे काय पिकतं, तिकडचे लोक बेडूक खातात म्हणे, तुम्ही खाल्ला का, असं ते लांबत जायचं. शेवटी लोकांनीच तो प्रश्न मिटवला आणि मला रंगूनबाई म्हणायला लागले. माझं खरं नाव पगाराच्या कागदाबाहेर वाशीममध्ये कुणाला ठाऊक नव्हतं. आता मी निवृत्त झाले, पगाराचा कागदही गेला, तेव्हा रंगूनबाई हेच खरं धरायला हरकत नाही.

वडील कोकणातून रंगूनला गेलेले, सागवानाच्या एका कंपनीत कारकून. माझा जन्म तिकडचाच. घरात मराठी, रस्त्यात हिंदुस्थानी नाहीतर बर्मी. तिथल्या मोठ्या हॉस्पिटलात मी नर्सचं आणि सुईणीचं शिक्षण घेतलं. आई उठता-बसता 'आपल्या देशात' म्हणायची. आपल्या देशात परसातच विहीर असते, नारळ विकत घ्यावा लागत नाही, माणसं कशी मायेची असतात. परत जायचं जायचं म्हणत ती तिकडेच वारली. तिचा देश म्हणजे रत्नागिरीजवळची चार घरं होती, हे मला फार उशिरा कळलं.

मग लढाई आली. रंगूनवर बॉम्ब पडायला लागले तेव्हा वडिलांनी मला बोटीत बसवून दिलं. ऑफिसची आवराआवर करून मागून येतो म्हणाले. ते आले नाहीत. बोटी बंद झाल्यावर माणसं जंगलातून चालत निघाली, त्यांत ते होते की नव्हते, एवढंसुद्धा मला कधी कळलं नाही. कलकत्त्याच्या छावणीत मी रोज नव्याने आलेल्यांची तोंडं बघत बसायची. तिथे एका समाजसेविका बाईंनी विचारलं, मराठी येतं का? वऱ्हाडात वाशीमच्या दवाखान्याला शिकलेली सुईण हवी होती. मराठी येत होतं आणि जायला दुसरी जागा नव्हती, म्हणून मी हो म्हटलं.

अकोल्याला आगगाडी सोडून वाशीमच्या मोटारीत बसले तो वैशाख होता. खिडकीतून बघावं तर पऱ्हाट्या उपटून नेलेली काळी रानं. हात जाईल एवढ्या भेगा पडलेली. नारळ सोडा, बोराटीच्या झुडपावाचून हिरवं काही दिसत नव्हतं. रडू आलं नाही मला, राग आला. आईचा राग आला. जन्मभर कसला देश सांगत होतीस ग तू, असं मनात म्हणत मी वाशीमच्या मोटार-स्टँडवर उतरले. दवाखाना किती लांब म्हणून विचारलं, तर हमाल म्हणाला, "हे काय, जवळच हाय." वळकटी आणि पेटी घेऊन मी चालायला लागले. दवाखाना येईस्तोवर माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि डोक्यात ऊन शिरलं होतं.

तेव्हा वाशीम म्हणजे तालुक्याचं ठिकाण. कचेरी, बाजार, कपाशीतली सरकी काढायचे जिन, बालाजीचं देऊळ, पद्मतीर्थाचं तळं. मोठं गाव आहे, असं इथल्यांना वाटायचं. मला वाटायचं, दिवे कुठे आहेत? नळ कुठे आहेत? रंगूनला तोटी फिरवली की पाणी आणि बटण दाबलं की उजेड. इथे दिवेलागणीनंतर गाव बुडून जायचं. मी गावाबाहेरच्या एका मळ्यात खोली घेतली होती. मळा सखुबाईचा. ही माळीण विधवा होती, वांगी, मेथी, सांबार लावायची आणि डोक्यावर पाटी घेऊन बाजारात विकायची. सांबार म्हणजे कोथिंबीर, हे कळेपर्यंत मी आठवडाभर कोथिंबिरीवाचून जेवले. विहिरीचं पाणी तळाला गेलं होतं. तरी पहिली घागर ती माझ्या दारात ठेवायची आणि मग वांग्यांना पाणी सोडायची. ते मला तेव्हा दिसलं नाही. पाणी गढूळ आहे, एवढंच दिसलं.

सखुबाईची एक गोष्ट मला फार लागायची. माझी हकीगत तिनं पहिल्याच आठवड्यात काढून घेतली होती. त्यानंतर दर दोन-तीन दिवसांनी, भाकरी थापताना, काही निमित्त नसताना ती म्हणायची, "येतीन व तुये बाबा. रस्त्यात असतीन." मी नर्स होते, युद्धाच्या बातम्या वाचत होते. रस्त्यात म्हणजे काय असतं ते मला माहीत होतं, आणि तिलाही माहीत होतं, कारण बाई खुळी नव्हती. तरी म्हणायची. एकदा मी चिडून म्हटलं, "कशाला खोटं बोलता? ते गेले." ती म्हणाली, "बरं बाप्पा," आणि चार दिवसांनी पुन्हा तेच.

इथली माणसं तोंडावर खोटं बोलतात, हे माझं पहिलं मत. लांबचं गाव जवळ सांगतात. कळा केव्हापासून, विचारलं तर 'आत्ताच' सांगतात आणि बाई दोन दिवस अडलेली असते. औषध घेतलं का, तर 'हाव', आणि बाटली तशीच भरलेली. येणार नसले तरी 'येतो' म्हणतात. डॉक्टरसाहेब नागपूरकडचे होते, माझी तक्रार ऐकून हसायचे. म्हणायचे, नाही म्हणण्याची इकडे रीत नाही, तुम्हाला कळेल हळूहळू. मला हळूहळू काही कळायचं नव्हतं. मला तिथून निघायचं होतं.

माझ्या कामाबद्दल चार शब्द सांगते. सुईणीचं काम म्हणजे मूल ओढून काढणं, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. मूल आपलं आपण येतं. शिकलेल्या सुईणीनं धीर धरायचा, हात स्वच्छ ठेवायचे, आणि नाळ नीट बांधून कापायची. माझ्या पिशवीत साबण, दोरा, कापूस, पट्ट्या, दोन चिमटे आणि एक कात्री. कात्री, चिमटे, दोरा दरवेळी उकळायचे. सगळी विद्या त्या उकळत्या पाण्यात आहे म्हटलं तरी चालेल. नाळेची जखम ताजी असते. तिला शेण, माती, गोठ्यातली राख लागली की धनुर्वात शिरतो. मूल चार-पाच दिवस छान असतं, दूध पितं, आई सुखात असते. मग एका सकाळी त्याचं तोंड उघडत नाही. छाती तोंडाशी धरली तरी ओठ आवळलेलेच राहतात. मग अंग ताठ होतं. त्या काळी आमच्याजवळ त्यावर काही नव्हतं. खेड्यांत या दुखण्याला नावसुद्धा नव्हतं. पाचवीला सटवाई येते, नशीब लिहिते, तिच्या मनात आलं तर आठव्याला घेऊन जाते. 'सटवाईनं नेलं' म्हणायचे आणि पुन्हा कामाला लागायचे. ते शब्द ऐकले की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

बोलावणी कमीच यायची. आली तर बड्या घरची. वाशीमजवळच्या मालेगावच्या एका देशमुखांनी मला आणायला झुली घातलेले बैल जोडून दमणी पाठवली होती. गेले तर ओसरीवर जोशीबुवा पंचांग उघडून बसलेले. मूल डोकावायला लागलं तशी देशमुखांनी दाराआडून विचारणा केली, नक्षत्र वाईट आहे, बाई थोडं थांबवता येईल का? मी म्हटलं, तुमच्या नातवालाच विचारा. नातू थांबला नाही. त्या मुलाचं पुढे उत्तम झालं, वकील झाला, आणि त्याच्या बारशाला मला पंगतीत न बसवता परसदारी पान वाढलं होतं, कारण सुईण कुठलीही असो, तिला सोयर, बाळंतपणाचा विटाळ, लागतं. ही दुसरी ओळख. माझ्या हातातून मूल घ्यायचे, पण माझ्या हातचं पाणी घेत नसत.

आसेगावचं बोलावणं मात्र निराळं होतं. पहिल्याच हिवाळ्यात नामदेव नावाचा एक शेतकरी गाडी घेऊन दवाखान्यात आला. चार-सहा एकरांचा धनी, सरळ माणूस. घरी न सांगता आला होता. त्याच्या बायकोचं, पार्बतीचं, हे तिसरं बाळंतपण. आधीचे दोन्ही मुलगे आठव्याला गेले होते. तो डॉक्टरसाहेबांशी बोललाच नाही, माझ्याशी बोलला. "दोन गेले, बाई. हे जाऊ द्याचं नाई." एवढं बोलून तो बैलांना पाणी दाखवायला गेला.

सकाळी निघालो ते दुपार कलायला पोचलो. बाळंतिणीची खोली म्हणजे बिनखिडकीची अंधारी जागा, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, डोळ्यांत जाणारा धूर. आत गयाबाई बसली होती. ती गावची सुईण. हाडकुळी, केस पिकलेले, हात मात्र मऊ. नामदेवाचा, पार्बतीच्या दोन्ही मुलांचा आणि निम्म्या गावाचा जन्म तिच्या हातावर झालेला. गावाबाहेर राहायची. अडलेल्या वेळी आत यायची मुभा होती, पाचवी उरकली की पुन्हा उंबऱ्याबाहेर. दारात नामदेवाची आई, कासाबाई. तिनं मला वरून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "तू लेकुरवाळी हायस का?" नाही म्हटल्यावर तिनं तोंड फिरवलं.

बाजेजवळ इळा ठेवलेला होता. वैरण कापायचा असतो तोच, आणि शेजारी गोवऱ्यांची राख. मला पुढे जायचं होतं, वाट अडली होती, म्हणून मी तो इळा पायानं बाजूला सारला. कासाबाई लगबगीनं वाकली, तिनं तो उचलून कपाळाला लावला आणि आत नेऊन ठेवला. मला वाटलं, लोखंडाला पाय लागला म्हणून असेल. यापलीकडे मी विचार केला नाही.

त्यांच्याच चुलीवर पातेलं ठेवून मी कात्री उकळली. पार्बती बाजेवरून बघत होती. पोर मोठी सोशिक. कळ आली की दात आवळून छपराकडे बघायची आणि कळ गेली की पुन्हा माझ्या पातेल्याकडे. दिवस मावळायच्या आत मुलगी झाली. धट्टीकट्टी, जन्मतःच भांडखोर. मी नाळ बांधली, कापली, वर स्वच्छ पट्टी बांधली. सगळ्यांना समोर बसवून सांगितलं, पट्टीच्या आत राख नाही, शेण नाही, तेल नाही, हळद नाही. काही लावायचं नाही. नामदेवानं देवाची शपथ घेतली. गयाबाई मान हलवत होती, ती पट्टी मी कशी बांधते ते निरखून बघत होती. परतीच्या वाटेवर पहिल्यांदाच मला त्या मुलखात बरं वाटलं. काळ्या रानात हरभरा उगवून आला होता, तो मला दिसला.

अकराव्या दिवशी नामदेव पुन्हा आला तेव्हा मी हसत बाहेर गेले, बारशाला बोलवायला आला म्हणून. तो म्हणाला, "तोंड उघडून नाई राह्यली."

आम्ही पोचलो तेव्हा मुलगी लाकडासारखी ताठ झालेली होती. नुसता हात लागला तरी झटका यायचा. पार्बती तिच्या ओठांवर दूध पिळत होती, ते गालावरून ओघळत होतं. मी पट्टी सोडली. पट्टी नीट होती, पण गाठ माझी नव्हती. मी विचारलं, ही कुणी सोडली होती? गयाबाईनं लपवाछपवी केली नाही, उलट पट्टी तिनं हुबेहूब बांधली होती याचं तिला भूषण होतं. राख लावली? नाही. शेण? नाही. तेल, हळद? नाही. माझा शब्द त्यांनी तंतोतंत पाळला होता. फक्त पाचवीला पूजा होती.

पाचवीला सटवाईपुढे पाटा-वरवंट्याबरोबर ज्या लोखंडानं नाळ कापली ते लोखंड मांडावं लागतं. ते म्हणजे माझी कात्री होती आणि कात्री वाशीमला, माझ्या पिशवीत. सरकारी वस्तू, ती मागायची कशी, म्हणून कुणी मागितली नाही. देवीपुढे भलतंच लोखंड मांडून तिला फसवायचं तर मूल जातं. म्हणून त्यांनी एक मधला मार्ग काढला. गयाबाईनं पट्टी सोडली, इळा राखेनं घासून लखलखीत केला, नाळेच्या देठाला हलकेच टेकवला, म्हणजे त्यानंच कापल्यासारखं झालं. मग पूजेत मांडला. पट्टी पुन्हा माझ्यासारखी बांधली.

इळा घाण होता, त्याची घाण नाळेत गेली, मी म्हणाले. मोठ्यानं म्हणाले. गयाबाई म्हणाली, राखेनं घासला होता, तोंड दिसत होतं त्याच्यात. कासाबाई माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुया कैचीनं झालं. आमच्या इळ्यानं कापलं असतं तं देवी कोपली नसती." मुलगी संध्याकाळच्या आत गेली. नामदेव तिला कापडात गुंडाळून एकटाच रानाकडे गेला. पार्बती बाजेवर बसून होती, तिचं लुगडं पुढून ओलं झालेलं होतं, दूध थांबत नव्हतं. मी तिच्याजवळ बसले. कासाबाई तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणत होती, "सटवाईनं नेलं व माय, सटवाईनं नेलं." मला वाटलं, या बाईचं तोंड दाबावं.

त्यानंतर मला कैचीवाली म्हणायला लागले. रंगूनबाईची कैची लागली की मूल जातं, असं आसेगावपासून चहूकडे झालं. बोलावणी बंद. दवाखान्यात मी पट्ट्या गुंडाळत बसायची. राजीनामा देऊन कुठे जावं, याचा विचार करायची आणि तो विचार दरवेळी त्याच जागी येऊन थांबायचा. रंगून जपान्यांकडे. रत्नागिरीला कोण आहे, तर कोणी नाही. सखुबाई म्हणायची, "येतीन व तुये बाबा." आता मी उत्तर देत नव्हते. बाजारात मला बघून पोटुशी बाई रस्ता बदलायची, ते मात्र मी बघायची. असे दोन उन्हाळे गेले.

दुसऱ्या उन्हाळ्यानंतरच्या एका बाजाराच्या दिवशी पार्बती दवाखान्याच्या पडवीत येऊन बसली. पोट दिसत होतं, सातवा असेल. नामदेव बैलांपाशी उभा होता. तिनं पदराखालून इळा काढला आणि माझ्या पुढ्यात ठेवला. तोच तो. मला त्याच्याकडे बघवेना.

"कैची नोको, बाई," ती म्हणाली. "सासूबाई घेऊ नाई देणार अन् मायंबी मन होत नाई. इळ्यानंच कापू द्या. पन हा तुमी उकळून द्या."

मी त्याला हात लावला नाही. ती म्हणाली, "त्या दिवशी तुमी कैची उकळली, म्या पाह्यली. इळा कोनंच नाई उकळला."

माझ्या सगळ्या शिकवणीत इळ्यानं नाळ कापायला परवानगी कुठे होती? डॉक्टरसाहेबांना विचारलं असतं तर त्यांनी मला आधी वेड्यात काढलं असतं. पण त्या पोरीला दोन्ही हवं होतं, देवीही आणि लेकरूही, आणि त्यांतलं एक सोडायला लावायचा मला काय अधिकार होता? मी तिला समजावलं, आज उकळून उपयोग नाही, तो पुन्हा गोठ्यात जाईल. त्या वेळी, त्या घटकेला उकळायला हवा. ती म्हणाली, ते गयाबाई करील, तिला सांगा. गयाबाई गाडीतच बसून होती. आत यायला तिला भय वाटत होतं. भय दवाखान्याचं नव्हतं, माझं होतं. मी बाहेर गेले आणि तिला हाताला धरून पडवीत आणलं.

मग आम्ही दोघी स्टोव्हपुढे बसलो. इळ्याची मूठ काढून टाकायची, नुसतं पातं आणि दोरा पातेल्यात बुडवायचा. भात शिजेल एवढा वेळ पाणी खदखदू द्यायचं. आधी स्वतःचे हात धुवायचे. नाळ कापली की पातं पुन्हा उकळायचं, उकळलेल्या फडक्यात बांधायचं आणि पाचवीला ते फडक्यासकट पूजेत मांडायचं. हळद-कुंकू वाहायचं ते फडक्यावर. नाळेला पुन्हा काही म्हणजे काही टेकवायचं नाही, खुद्द देवी येऊन सांगो. ती शेवटचं ऐकून हसली. मी तिच्याकडून दोनदा करून घेतलं. हात सराईत होते तिचे. पण एकदा ती मध्येच थांबली आणि उकळत्या पाण्यातल्या पात्याकडे बघत राहिली. मला वाटलं, वाफेनं डोळे चुरचुरले असतील.

बाळंतपणाला मला बोलावणार नव्हते, ते ठरलेलंच होतं. बातमी आली, मुलगा झाला. ती बाजारकऱ्यांकडून आली, आणि पुढचं कुणाला माहीत नव्हतं. त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते विचारू नका. मी निरीश्वरवादी आहे, रंगूनला होते तेव्हाही होते, पण त्या आठवड्यात सखुबाईच्या मळ्यातल्या विहिरीवरच्या आसरांना मी दोनदा फूल वाहिलं. पाण्याची घागर उचलताना, ड्यूटीवर जाताना, एकच डोक्यात, तोंड उघडत असेल का. 

दुपारची वेळ होती. दवाखाना रिकामा झाला होता. गयाबाई चालत आली, गाडीबैल काही नाही, एकटी. पडवीच्या पायरीवर बसली. मी दारातून तिच्या तोंडाकडे बघत होते, विचारायचं धाडस होत नव्हतं. तिनं लुगड्याच्या सोग्यातून घुगऱ्या काढल्या, बारशाच्या.

"पेते," ती म्हणाली. "चांगलं ओढून ओढून पेते."

मी तिच्या शेजारी पायरीवर बसले आणि रडले. रंगून सोडल्यापासून पहिल्यांदा. तिनं माझ्या तळहातावर घुगऱ्या ठेवल्या, मी त्या खाल्ल्या. मूल कसं आहे, डोळे कुणासारखे, कासाबाईनं नाव काय ठेवलं, सगळं मी विचारून घेतलं. कासाबाई म्हणे गावभर सांगते आहे, कैची सोडली, इळा धरला, म्हणून देवी पावली. म्हणू दे, मी म्हटलं, ते मूल दूध पितं आहे ना.

गयाबाई हसली नाही. ती पायरीवरच्या मुंग्यांकडे बघत होती. मग म्हणाली, "बाई, एक इचारू का?"

मी म्हटलं, विचार.

"उकळला तं वाचलं. म्हनजे आंधी नाई उकळला म्हून गेले का?" ती बोटांवर मोजायला लागली. "पार्बतीचे गेले. तिच्या जावेचा गेला. माह्या लेकीचे तीन, त्यांच्या नाळाबी म्याच कापल्या, असल्याच इळ्यानं. सारे म्या मारले का, बाई?"

मी शिकलेली बाई होते. उत्तर मला माहीत होतं आणि तिलाही माहीत होतं. ते तिनं पडवीत स्टोव्हपुढे बसून, पहिल्यांदा पाणी खदखदताना पाहिलं तेव्हाच ओळखलं होतं. तरी आसेगावाहून एवढी वाट तुडवत ती माझ्याकडून ऐकायला आली होती. तिचे ते मऊ हात मांडीवर उताणे पडले होते.

"नाही, गयाबाई," मी म्हटलं. "सटवाईनं नेले."

तिनं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "हाव. तिनंच नेले."

तिनं पदरानं तोंड पुसलं, कमरेची चिंधी सोडली आणि आतून एक इळा काढला. दुसऱ्या कुणाच्यातरी घरचा, जुना, मूठ झिजलेला. त्या घरची सून आता दिवसांत होती. एकदा पुन्हा दाखवा, म्हणाली, काही चुकायला नको. मी आत जाऊन स्टोव्ह पेटवला आणि पाणी ठेवलं.